सांडूची पगारवाढ

सांडू, तुझा पगार मी वाढवला. ती माझी चूक होती.

कुणा तिसऱ्याने हे वाक्य वाचलं तर म्हणेल, याला वेड लागलंय, पगार वाढवणं ही काय चूक झाली? तुला तसं वाटणार नाही. तू गालातल्या गालात हसशील आणि म्हणशील, "उशिरा का व्हईना, कळलं म्हणायचं साळवेसाहेबाला."

काल तुझा दहावा झाला. करमाडच्या पुढं, तुमच्या गावच्या तळ्याकाठी. आज सुट्टी घेऊन घरी बसलोय आणि तुलाच लिहितोय, कारण तुझ्याशी चाललेलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. ते दुसऱ्या कुणाला सांगून मिटणारं नाही.

सावडायलाही मी आलो होतो. राख गोळा झाली, पाणी शिंपडून झालं आणि माणसं लिंबाच्या सावलीत बसली. तुझ्या नात्यातलं कुणी तरी म्हणालं, "विमा काढायला पायजे होता राव. आपली माणसं लई बेफिकीर." दुसरा म्हणाला, "कंपनीत लीडर होता, पैसा येत होता. पण डोक्यातच येत नाय आपल्या." तिसऱ्यानं मान हलवली, "दुखणं अंगावर काढायचं आन मग एकदम जायचं." मी तिथंच चपलेत पाय घालत होतो. ती सगळी वाक्यं माझीच होती. मी ती तुला तोंडावर ऐकवली होती, फक्त जरा शुद्ध भाषेत.

तेव्हा आधी ऋण सांगतो, मग चूक सांगतो. तू असतास तर म्हणाला असतास, आधी जेवा, मग बोला.

आपली ओळख जेवणावरच झाली. मी शेंद्र्याच्या त्या कंपनीत एचआरला नवीन लागलो होतो. बायकोची नोकरी परभणीला, मी इथं मुकुंदवाडीत एका खोलीत एकटा. कँटीनमध्ये खिचडी चिवडत बसलो होतो. तू समोर येऊन बसलास, कारण दुसरीकडं जागा नव्हती. डबा उघडलास, माझ्या ताटाकडं बघितलंस आणि म्हणालास, "हे खाऊन माणूस आजारी पडतो साहेब, आन मग तुम्हीच त्याची गैरहजेरी लावता." आणि ज्वारीची भाकर मधोमध मोडून अर्धी माझ्या ताटात टाकलीस. वर शेंगदाण्याचा ठेचा. मी नको म्हणायच्या आत तू खायला लागला होतास.

काय भाकर होती ती. कडेला एक चीर नाही, वरचा पापुद्रा कागदासारखा उचलून यायचा. त्या दिवसापासून पाळी जुळली की अर्धी भाकर माझी. पुढं बायकोची बदली इकडं झाली, माझा डबा सुरू झाला, तरी तुझी अर्धी भाकर चालूच राहिली. बायको विचारायची, "डब्यातली पोळी परत कशी येते रोज?" मी सांगायचो, कामात विसरलो. तुला आता हे सांगायला हरकत नाही.

पण ती भाकर थापणाऱ्या हातांना काय दुखणं होतं, हे मी कधी विचारलं नाही. तू बोलता बोलता सांगितलं होतंस, कौसल्यावहिनींना आमवात आहे, सकाळी बोटं सुजतात, मूठ वळत नाही. पण गोळ्या चालू आहेत, गोळ्यांनी हात चालतो. त्या गोळ्या तुझ्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कार्डावर मिळायच्या. तू महिन्यातून एकदा वहिनींना घेऊन जायचास, दोघं बाकावर बसायचात, नंबर आला की डॉक्टर बोटं दाबून बघायचे, गोळ्यांची पुडी घेऊन येताना वहिनींना बसस्टँडवर उसाचा रस पाजायचास. हे सगळं तू मला इतक्या कौतुकानं सांगायचास, जशी काही ती तुमची सहल असावी. मी "हं हं" करायचो.

मग तुझ्या बढतीची गोष्ट आली.

प्रेस शॉपमध्ये तुझ्याइतका हाताचा पक्का माणूस नव्हता. नवीन डाय, म्हणजे पत्रा ठोकायचा साचा, बसवायची वेळ आली की इंजिनिअरसुद्धा "सांडू कुठाय" म्हणून विचारायचे. लाईन लीडरसाठी तुझं नाव मी सुचवलं, मी लावून धरलं, मी मंजूर करून घेतलं. आणि दुसऱ्याच दिवशी तू माझ्या टेबलासमोर उभा.

"साळवेसाहेब, माझं नाव काढा त्याच्यातून."

"कशातून?"

"लीडरच्या."

मला वाटलं, थट्टा करतोय. "का रे? भीती वाटते जबाबदारीची?"

"भीती कशाची? काम तर आताबी मीच करतो. पण कार्ड जाईल ना."

तुझं म्हणणं खरं होतं. कामगार विम्याला पगाराची एक मर्यादा आहे. त्या रेषेच्या अलीकडं असेल तोपर्यंत कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना उपचार आणि औषधं मिळतात. पगार रेषेच्या पलीकडं गेला की थोड्या काळानं कार्ड बंद. लीडरचा पगार रेषेच्या पलीकडं होता, जेमतेम पलीकडं.

"मग अर्धीच वाढ द्या," तू म्हणालास. "रेषेच्या अलीकडं ठेवा. बाकीची नको मला. काम लीडरचंच करतो."

मी हसलो. अजून ते हसणं माझ्या कानात आहे. "लोक वाढ मागायला येतात आणि तू कापायला आलास? जरा कळपातून बाहेर ये, सांडू."

तुझ्या बापानं जन्मभर मेंढरं राखली, हे मला माहीत होतं, म्हणूनच तो शब्द माझ्या तोंडात आला. तू चिडला नाहीस. शांतपणे म्हणालास, "कळपातल्या मेंढराला लांडगा धरत नाय साहेब. कडंच्याला धरतो."

आता कबूल करायचं ते हे. मला नियम माहीत नव्हता असं नाही. नियम माहीत असणं हीच माझी नोकरी होती. माझ्या लेखी कार्ड जाणं हाही बढतीचाच भाग होता. मी जाधववाडीच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या माणसाचा मुलगा. सरकारी दवाखान्याच्या बाकावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी कितीदा झोपलो असेन. आमच्या वस्तीतल्या विहारात मोठी माणसं आम्हाला एकच सांगायची, वर जायची संधी आली की पाय मागं घ्यायचा नाही. ते त्यांचं बरोबर होतं, त्याच बोलण्यानं मी खुर्चीत बसलो. पण त्यातून मी माझ्यापुरतं एक भलतंच शिकलो होतो. मला वाटायचं, बाकावर बसलेली माणसं म्हणजे अजून वर न आलेली माणसं. आणि ज्याच्याकडं स्वतःचा विमा नाही, त्यानं अजून उद्याचा विचार करायला सुरुवात केलेली नाही.

"बाहेरचा चांगला विमा काढ," मी तुला म्हणालो. "किती दिवस वहिनींना बाकावर बसवणार? आणि अधिकाऱ्यांची कंपनीची पॉलिसी आहे, तिच्यात लीडरांना घालून घेतो. बघतो मी."

"बघा मग," म्हणालास आणि गेलास.

मी सही केली. पोरांनी तुझ्याकडून पेढे उकळले. कार्ड आणखी काही महिने चाललं, नियमच तसा आहे. त्या महिन्यांत मी तुला एकदा डिवचलंही, "काय झालं का आकाश कोसळून?" तू म्हणालास, "अजून नाय."

मग कार्ड बंद झालं.

त्यानंतर कँटीनमध्ये तो विम्याचा एजंट आला होता, आठवतं? मीच बोलावला होता, खास तुझ्यासाठी. त्यानं विचारलं, घरात कुणाला काही आजार? आणि तू सगळं सांगितलंस. वहिनींचा आमवात, तो कधीपासून, गोळ्या कोणत्या, तुझं स्वतःचं बीपी. मी टेबलाखालून तुझ्या पायाला पाय लावत होतो. एजंट भला माणूस होता, त्यानं खरं ते सांगितलं. पॉलिसी मिळेल, पण जुन्या आजाराला काही वर्षं थांबावं लागेल, आणि घरी घ्यायच्या रोजच्या गोळ्या तर कधीच मिळणार नाहीत. दवाखान्यात भरती झालं तर खर्च मिळेल.

तो गेल्यावर मी तुझ्यावर उखडलो. "एवढं खरं बोलायची काय गरज होती?"

"बाप मेंढरू विकताना त्याची खोड आधी सांगायचा," तू म्हणालास. "गिऱ्हाईक गेलं तरी सांगायचा."

"मग निदान पॉलिसी तरी घे. उद्या मोठं काही निघालं तर?"

"साहेब, दुष्काळात माणसाला पाणी लागतं. तुम्ही छत्री विकायला आणलीत."

सगळं टेबल हसलं. मीही हसलो. पण मनात म्हणालो, हट्टी आहे. अडाणीपणा आहे. पुढं कुणी विषय काढला की मी तुझं उदाहरण द्यायचो, नाव न घेता: "आमच्याकडं एक लीडर आहे. मोबाईलवर खर्च करेल, पण विम्याचं नाव काढू नका." मोबाईल तर तुझा तोच होता, काच तडकलेला, पट्टी चिकटवलेला. पण उदाहरणाला मोबाईल शोभून दिसायचा.

आणि माझं "बघतो मी"? तू एकदा विचारलंस, आणखी एकदा विचारलंस, मग सोडून दिलंस. मी एका बैठकीत विषय काढला होता. वरचे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मला तेवढंच पुरलं. मी विषय काढला, याचं समाधान मला तुझ्या गोळ्यांपेक्षा मोठं वाटलं. तू मधल्या पायरीवर अडकलास, सांडू. खालच्या पायरीवर कार्ड होतं, वरच्या पायरीवर पॉलिसी होती, आणि मधल्या पायरीवर मी तुला हात धरून नेऊन उभं केलं होतं.

मग भाकर बदलली.

आधी ती जाड झाली. मग तिच्या कडा फाटायला लागल्या. कधी एका बाजूला करपलेली, कधी मध्ये कच्ची. मी भर कँटीनमध्ये म्हणालो, "काय सांडू, वहिनी रुसल्या का काय? ही भाकर आहे का प्रेसमधून काढलेला पत्रा?" पोरं खिदळली. तूही हसलास. "नवा आचारी ठेवलाय," म्हणालास. "नवीन हाय, शिकंल हळूहळू." आणि त्या वेड्यावाकड्या भाकरीचाही मोठा तुकडा माझ्याच ताटात टाकलास.

त्याच वर्षी माझ्या आईचं ऑपरेशन झालं. माझ्याकडं कंपनीची पॉलिसी होती, कार्ड पाकिटात होतं. मंजुरीचा निरोप यायला वेळ लागत होता आणि मी त्या काउंटरसमोर वेड्यासारख्या फेऱ्या मारत होतो. त्यात रक्त लागणार असं सांगितलं. मी कुणालाही फोन केला नव्हता. तरी पहिली पाळी सुटल्यावर तू प्रेस शॉपची पोरं घेऊन कंपनीच्या कपड्यांतच दवाखान्यात उभा. बीपीच्या गोळ्या चालू म्हणून त्यांनी तुझं रक्त घेतलं नाही, तर तू त्यांच्याशी भांडत बसलास. शेवटी पोरांनी दिलं. तू माझ्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलास आणि डबा उघडून म्हणालास, "खा. मंजुरी यायची तवा येईल." विमा नसलेला माणूस दुसऱ्यावर भार होतो, असं मी लोकांना सांगत फिरायचो. त्या संध्याकाळी मी तुझी करपलेली भाकर खात होतो आणि तरीही मला काही सुचलं नाही.

सुचलं ते चंपाषष्ठीला. दरवर्षी तू बोलवायचास, "खंडोबाचा दिवस हाय, भरीत-रोडगा खायला या," आणि मी दरवर्षी टाळायचो. त्या वर्षी आईला बरं वाटलं होतं, म्हणून पेढे घेऊन आलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि बघतो तर चुलीपुढं तू. गुडघ्यावर बसलेला, मनगटापर्यंत पीठ, परातीत भाकर थापतोयस. तुझे ते प्रेसवरचे जाडजूड हात भाकरीला इतक्या जपून लागत होते, जशी ती दुखरी असावी.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदराखाली हात. मला बघून हसल्या, "या भाऊजी. तुम्ही यांना लीडर केलं, मी यांना आचारी केलं. आता सांगा, कुणी चांगलं काम केलं?"

तू म्हणालास, "गप ना. साहेबाला पाणी दे." मग तुझं तुलाच लक्षात आलं आणि उठून पाणी तूच आणलंस.

तेव्हा मी त्यांचे हात बघितले. बोटं एका बाजूला झुकलेली. पेल्याला दोन्ही तळव्यांनी धरावं लागत होतं. मी विचारलं, गोळ्या? त्या अगदी सहज म्हणाल्या, "चालूच हायेत. एक दिवसाआड घेते. दुकानातल्या लई महाग पडतात, मग पुरवून पुरवून घ्याव्या लागतात." तुझी मुलगी रेखा कोपऱ्यात वांगी सोलत होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते बरंच झालं.

मी भरीत खाल्लं, रोडगा खाल्ला, भंडारा कपाळाला लावून घेतला आणि जालना रोडनं परत निघालो. आणि सांडू, माणसाचं मन कसं असतं बघ. त्या सगळ्या रस्त्यात मी माफीचं वाक्य जुळवलं नाही. मी तुझ्या चुका शोधत आलो. यानं मला सांगायला हवं होतं. सरकारी योजनेचं कार्ड आहे की सगळ्यांना, ते का नाही वापरलं? मोठ्या सरकारी दवाखान्यात का नाही जात?

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी तुला हेच विचारलं आणि तू आयुष्यात एकदाच माझ्यावर चिडलास.

"योजनेचं कार्ड हाय माझ्याकडं. ते भरती झालं तर, ऑपरेशन निघालं तर. रोजच्या गोळ्यांना नाय. सरकारी दवाखान्यात बी जातो. दिवस मोडतो तिथं. मागच्या महिन्यात गेलो तर लीडर हाय, लाईन बंद पडली म्हणून सूचनापत्र कुणी दिलं मला? सही कुणाची होती?"

सही माझी होती. रोज कितीतरी कागदांवर असते, तशी होती.

"आन सांगितलं नाय म्हणता? पयल्या दिवशी सांगितलं, तुमच्या टेबलाम्होरं उभं राहून. तुम्ही लोक ऐकत नाय साहेब. आम्ही नको म्हणलं की तुम्हाला वाटतं, याला कळत नाय."

डबा बंद केलास आणि उठून गेलास. पुढं बरेच दिवस तू दुसऱ्या टेबलावर जेवलास. मी माझ्या डब्यातली पोळी खाल्ली. मग एक दिवस न बोलता समोर येऊन बसलास, अर्धी भाकर माझ्या ताटात टाकलीस आणि म्हणालास, "घ्या. वाया जातीया." मी विचार केला, आता म्हणावं. तेवढ्यात कुणी तरी आलं, भोंगा झाला, काही तरी झालं. मी म्हणालो ते एवढंच: "आचारी सुधारलाय."

तुला वाटलं असेल, ही माफी आहे. तू ती तशीच घेतलीस, मला माहीत आहे. पण ती माफी नव्हती.

त्यानंतर मी हातपाय हलवले. वरच्यांकडं पुन्हा पुन्हा गेलो आणि लीडर मंडळींना पॉलिसीत घालून घेतलं. त्यात वहिनींचा जुना आजारही धरला होता. मी मोठ्या तोऱ्यात तुला सांगायला आलो. तू विचारलंस, "गोळ्या?" मी म्हणालो, भरती झालं तर. तू म्हणालास, "म्हंजे ही बी छत्रीच." मग माझा चेहरा बघून घाईनं पुढं म्हणालास, "पण बरी हाय. पाऊस बी येतो कवा कवा."

आणि गाठ शेवटी तुम्हीच सोडवलीत. रेखाचं आयटीआय झालं, शेजारच्या कंपनीत ती लागली. मुलाखतीला जायच्या आधी तू तिला माझ्याकडं घेऊन आला होतास. तिनं मला पहिला प्रश्न विचारला, "काका, पगार कितीबी असू द्या, कार्ड निघंल का तेवढं सांगा." निघालं. तिच्या कार्डावर आईचं नाव लागलं. पुन्हा बाक, पुन्हा नंबर, पुन्हा रोजची गोळी. वाकडी झालेली बोटं काही सरळ झाली नाहीत, पण सूज उतरली, पेला एका हातात यायला लागला. तू मला म्हणाला होतास, "तिच्या साहेबाला तेवढं सांगून ठेवा, पोरीला लई वाढ देऊ नका म्हणावं." आणि इतका हसलास की तुला ठसका लागला. मी हसू का रडू, मला कळेना. अजूनही ते आठवलं की तसंच होतं.

त्या हसण्याचे उपकार तुला कळले नसतील. माझ्यावर तुझा राग शिल्लक नाही, हे तू मला त्या थट्टेतून सांगितलंस. असा माणूस मला अर्धी भाकर देत राहिला, हे माझं भाग्य, सांडू. मी हे कृतज्ञतेनं लिहितोय. माझा अपराध आहेच, पण त्याच्या वर तुझं ते हसणं आहे.

मग त्या सोमवारी सकाळी तू अंगणात दात घासता घासता बसलास आणि उठलाच नाहीस. सगळं काही क्षणांत झालं, रेखा सांगते. लोक म्हणतात, दुखणं अंगावर काढलं. खोटं आहे. आदल्या आठवड्यात तू डॉक्टरांना दाखवून आला होतास, बीपीची गोळी एक दिवस चुकवली नव्हतीस, हे वहिनींनी मला शपथेवर सांगितलं. काही माणसांचं हृदय थांबतं. विमा असलेल्यांचंही थांबतं. तुझ्या मरणाचं ओझं मी माझ्या डोक्यावर घेत नाही. तेवढा मोठा मी नाही, आणि तसं केलं तर ते पुन्हा माझंच कौतुक होईल. माझी चूक वहिनींच्या बोटांत आहे. ती तिथंच राहणार आहे.

आता कालचं सांगतो.

तुमच्याकडं दहाव्याला माईकवर चार शब्द बोलायची पद्धत आहे. आमच्याकडं पुण्यानुमोदनाला बोलतात, तसंच. सरपंच बोलले, भजनी मंडळातले एक जण बोलले. मग तुमच्या गावचे निवृत्त गुरुजी उठले. तुझ्याबद्दल फार चांगलं बोलले. कष्टाळू, सज्जन, शब्दाचा पक्का. आणि शेवटी म्हणाले, "पण एक धडा घेऊ या. सांडूसारखा हुशार माणूससुद्धा आपल्या कुटुंबाच्या आरोग्याच्या बाबतीत गाफील राहिला. बायको आजारी, तरी विम्याचा विचार केला नाही. तरुणांनो, तुम्ही असे बेफिकीर राहू नका." माणसांनी माना डोलावल्या. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. माझ्याही मनात कधी नव्हतं.

मी बायकांच्या बाजूला बघितलं. वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या, वाकडी बोटं पदरात. रेखाचा चेहरा लाल झाला होता. ती उठायच्या बेतात होती. आईनं तिच्या मांडीवर हात ठेवला.

तेवढ्यात निवेदकानं माझं नाव पुकारलं. "कंपनीचे साळवेसाहेब आलेले आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी घरून दोन शब्द पाठ करून आलो होतो. कुशल कामगार, मनमिळाऊ सहकारी, कंपनीची न भरून येणारी हानी. माईक हातात आला आणि त्यातलं एकही वाक्य आठवेना. तळ्याकडून वारा येत होता, माईक खरखरत होता. कुणी तरी मागून म्हणालं, "जरा जवळ धरा साहेब."

मी माईक जवळ धरला आणि म्हणालो,

"गुरुजी, माफ करा, पण सांडू गाफील नव्हता. त्याला विमा होता. कौसल्यावहिनींना गोळ्या मिळत होत्या, त्यांचे हात चालत होते. पगार वाढला तर तो विमा जाईल, हे त्यानं मला माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं. वाढ नको म्हणाला होता. अर्धी द्या म्हणाला होता. मी त्याला हसलो. त्याची वाढ मी केली, त्याचं कार्ड माझ्या सहीनं गेलं. दुसरं काही करतो म्हणालो आणि वेळेवर केलं नाही. नंतर त्यालाच बेफिकीर म्हणत फिरलो. तुम्ही आज जे बोललात, ते माझ्यासारख्यांनीच पसरवलेलं आहे. या सगळ्या गावात आपल्या माणसांच्या आरोग्याचा सांडूइतका विचार केलेला कुणी असेल, असं मला वाटत नाही."

रेखा माझ्याकडं बघत होती, पहिल्यांदाच सरळ. वहिनींनी डोक्यावरचा पदर मागं घेतला आणि मान वर केली.

मी म्हणालो, "वहिनी, तुमच्या हातांची मी माफी मागतो." आणि मग माईक बाजूला करून, तळ्याकडं तोंड करून, तुला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो,

"सांडू, तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. मला माफ कर."